नऊ वायरींचं भोक

१

जिन्याखालच्या कपाटात कपाट म्हणावं असं काही उरलं नव्हतं. दारं जळून गेली होती, फळ्यांचा कोळसा झाला होता आणि जिन्याच्या खालच्या सहा पायऱ्या अशा लोंबत होत्या की वरच्या मजल्यावर जायला बाहेरून शिडी लावावी लागली होती. भिंतीवरचा विजेचा मेन बोर्ड, म्हणजे तो पत्र्याचा डबा, तेवढा जागच्या जागी होता. रंगाला फोड आले होते, काजळी चढली होती, पण डबा वाकला नव्हता की फाटला नव्हता. डबा धड आणि घर जळलेलं, हे वायरमन पुन्हा पुन्हा बघत होता.

या वायरमनला सगळे 'दोनदा' म्हणत. नाव बायकोनं ठेवलं आणि ते गिऱ्हाइकांपर्यंत पोचलं. कुलूप लावलं की दोनदा ओढायचं, गॅसची कळ दोनदा बघायची, स्क्रू एकदा पिळला की थोडं थांबून पुन्हा पिळायचा. लोक हसायचे, पण काम त्यालाच द्यायचे. पाच आठवड्यांपूर्वी या घरातला जुनाट लाकडी बोर्ड काढून हा पत्र्याचा डबा त्यानंच बसवला होता.

समोर उपड्या बादलीवर विमा कंपनीच्या तपासनीस बाई बसल्या होत्या. बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या. शाळा सुटून वर्षं झाली, तरी समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही असं धरूनच त्या प्रश्न विचारत.

"मिस्त्री, हा डबा पत्र्याचा का असतो?"

"आत आग लागली तर आतच राहावी म्हणून."

"मग ही बाहेर कशी आली?"

 आग का लागली याचा निकाल कालच लागला होता. मेन स्विच आतूनच सदोष निघाला होता, आणि तसा प्रयोगशाळेचा कागद बाईंच्या मांडीवर होता. त्यात त्याचा दोष नव्हता. पण स्विच आत जळला असता आणि डब्यातच विझला असता, तर फार तर दिवसभर घरात वीज नसती.

बाईंनी विजेरी डब्याच्या माथ्यावर धरली. तिथे पत्र्यात वीतभर लांब भोक होतं. घरातल्या नऊ जाड वायरी त्यातूनच आत उतरत होत्या. असं भोक उघडं ठेवत नाहीत, त्यात फायर सीलंट भरतात. उष्णता लागली की हे सीलंट पावासारखं फुगतं आणि उरलीसुरली फट बुजवतं. आगीनंतर त्याची जाड काळी खपली राहते, ती हातानं निघता निघत नाही.

इथे खपली नव्हती. नऊ करपलेल्या वायरी होत्या आणि त्यांच्या कडेनं दोन बोटं जातील एवढी मोकळी फट.

"अहो, दिसतंच आहे ना! भोक बुजवायचंच विसरलेत हे," दाराशी उभी असलेली घरची सून म्हणाली. चार दिवसांत तिचे डोळे खोल गेले होते. तिचे सासरे, पुस्तकांच्या बाइंडिंगच्या धंद्यातून निवृत्त झालेले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतलेले, हॉस्पिटलात होते. भरदुपारी आग लागली तेव्हा घरात ते एकटेच होते, आणि पळून जायचं सोडून धुरात शिरले होते. छातीत धूर गेला होता, तोंडावर मास्क होता, शब्द फुटत नव्हता. "बाबांना काही झालं ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही. लायसन्स तर जाईलच तुमचं."

"सोमवारी माझा अहवाल विद्युत निरीक्षकांकडे जाईल," बाई शांतपणे म्हणाल्या. "आज शुक्रवार. मिस्त्री, सीलंट लावलं होतं का?"

"लावलं होतं," दोनदा म्हणाला.

म्हणाला खरा, पण तोंडातून शब्द बाहेर पडता पडताच त्याच्या लक्षात आलं की लावल्याचं त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

२

इतर कुठल्याही दिवसाचं त्यानं डोळे मिटून सांगितलं असतं. पण हा बोर्ड बसवला त्याच दिवशी चार वाजता बायकोचा फोन आला होता. लेकीला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, आणि डॉक्टरांचे चेहरे बरे दिसत नव्हते. पाचला दोनदा त्या घरातून निघाला. सातला नात झाली, दोघी सुखरूप होत्या. चार ते पाच मात्र त्याच्या डोक्यातून कुणीतरी पाटी पुसावी तसं पुसलं गेलं होतं. आयुष्यात तेवढा एकच तास त्यानं काही दोनदा तपासलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं फोनमधले फोटो काढले. सवयीप्रमाणे प्रत्येक फोटो दोनदा घेतलेला. झाकण उघडं असताना दोन, झाकण लावल्यावर दोन. सगळे समोरून. डब्याचा माथा एकातही नाही.

"अहो, लावलं असेल तुम्ही," बायको म्हणाली.

"असेल?"

"लावलंच असेल. तुम्ही झोपेत सुद्धा लावाल."

"तू 'असेल' म्हणालीस."

बायकोनं कपाळावर हात मारला आणि बाळाचं दुपटं घडी करायला घेतलं. तिचंही लक्ष घडीत नव्हतं. पाळण्यातली नात झोपेत तोंड हलवत होती. तिच्या येण्याच्या गडबडीत आपण एक माणूस मारला की काय, हा विचार दोनदाच्या मनात आला आणि त्याला पाळण्याकडे बघवेना.

त्यानं हत्यारांची पिशवी जमिनीवर उपडी केली. सीलंटची तपकिरी नळी निम्म्याहून जास्त रिकामी होती. पांढरं नको म्हणून सूनबाईंनीच सांगितलं होतं, सागवानी कपाटात ते पक्ष्यांच्या विष्ठेसारखं दिसेल म्हणाल्या होत्या. म्हणून त्यानं तपकिरी आणलं. पण ते त्यानंतर इतर घरांतही वापरलं होतं. नळीवर थोडंच लिहिलंय कुठलं कुठे गेलं ते.

शनिवारी सकाळी फोन वाजला. तपासनीस बाई होत्या.

"मिस्त्री, लगेच या. राखेत एक तेलाची कुपी सापडली आहे. तुमची आहे का, ते सांगा."

३

कुपी पत्र्याची होती, लांब चोचीची, शिवणयंत्राला तेल घालायला असते तशी. आगीत ती चेपली होती. दोनदानं ती दोनदा उलटसुलट पाहिली आणि मान हलवली.

"माझी नाही. मी कुठे तेल वापरतो."

"या घरात शिवणयंत्र कोणाकडे आहे?"

उत्तर वरच्या मजल्यावर होतं. तिथे भाड्यानं राहणारी शिवणवाली आगीच्या दिवशी खिडकीतून ओरडत होती, तिला शेजाऱ्यांनी चादर धरून खाली उतरवलं होतं. आता ती शिडीनं वर-खाली करत आपले गिऱ्हाइकांचे कपडे वाचवत होती. कुपी बघताच ती शिडीवरून खाली आली.

"माझीच आहे," ती म्हणाली. "पण मी नाही नेली तिथे! काकांनीच मागून नेली. महिना झाला असेल. म्हणाले, रिकामी असली तरी चालेल, मला चोच लांब हवीय. आता म्हाताऱ्या माणसाला कशाला हवी म्हणून काय विचारायचं? त्यांचं काहीतरी चालूच असतं, खळ काय, सरस काय."

"हिचं काय खरं मानता!" सून उसळली. "स्वतंत्र मीटर हवं म्हणून ही वर्षभर मागे लागलीये. वेगळी वायर ओढून घेतली असेल कुणाकडून तरी. भोक उकरून घातली असेल आत!"

"वहिनी, काहीही काय बोलता! मी वरती अडकले होते. स्वतःच्या पायाखाली आग लावेन का मी?"

दोघींचे आवाज चढले. दोनदाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. असं होऊ शकतं. त्यानं लावलेलं सीलंट कुणी नवी वायर घालायला उकरलं असेल, तर तो सुटला. हे मनात येताच त्याला स्वतःची लाज वाटली, कारण शिवणवाली बिचारी हात जोडून उभी होती.

बाईंनी दोघींकडे लक्षच दिलं नाही. "मिस्त्री, झाकण उघडं असतानाचा फोटो दाखवा. वायरी मोजा."

"नऊ."

"आता भिंतीवर मोजा."

त्यानं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. "नऊ."

"म्हणजे कुणीही नवी वायर घातलेली नाही," बाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही जा, कपडे वाळत घाला."

शिवणवालीनं डोळ्याला पदर लावला आणि सुनेकडे न बघता निघून गेली. दोनदा मात्र पुन्हा भिंतीवरच्या वायरी मोजू लागला. नवी वायर नाही, तर उकरायचं कारण कोणाला? मग आपणच विसरलो. दुसरं काय असणार?

बाई गुडघ्यावर बसल्या. डब्याच्या बरोबर खाली, जिथे कपाटाची तळफळी होती तिथली राख त्या जुन्या चाळणीनं चाळत होत्या. कोळसे, पुस्तकांच्या जळक्या पुठ्ठ्यांचे कोपरे, खिळे. चाळणीत काहीतरी उरलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरलं. काळे, हलके, फुगलेले दाणे होते, मक्याच्या लाह्या करपाव्यात तसे.

"ओळखा."

दोनदानं एक दाणा बोटांत चिरडला. तो भुसभुशीत होता आणि त्याची काजळी बोटाला चिकटली. हा वास आणि ही खपली त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

"सीलंट," तो म्हणाला.  "फुगलेलं सीलंट. पण हे... हे खाली कसं?"

"तेच तर. सीलंट होतं. पण आग लागली तेव्हा ते भोकात नव्हतं, भुगा होऊन खाली पडलेलं होतं." बाईंनी विजेरी पुन्हा डब्याच्या माथ्यावर नेली. "आणि हे ओरखडे बघा. पत्र्यावरचा रंग खरवडला गेलाय आणि ओरखड्यांच्या आत काजळी बसलीये. म्हणजे खरवडणं आधी, आग नंतर. मिस्त्री, तुम्ही लावलेलं कुणीतरी नेटानं, वेळ घेऊन खरवडून काढलंय."

४

जिवात जीव येणं म्हणजे काय ते दोनदाला त्या क्षणी कळलं. त्याला खाली बसावंसं वाटलं आणि तो राखेतच बसला. पण बाईंनी त्याला फार वेळ बसू दिलं नाही.

"भुगा कुठल्याही कामावरचा सांडलेला असू शकतो, असं तुमचा विरोधक म्हणेल. ते भोकात लागलेलं होतं हे पाहिलेला माणूस हवा. तुमच्यानंतर त्या कपाटाला कोणी हात लावला?"

"सुतारानं," सून म्हणाली. ती आता गप्प गप्प झाली होती. "बोर्ड बसल्यावर आठ दिवसांनी त्यानं नवी दारं बसवली."

सुताराचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. सुतार रंधा मारत होता तो थांबला नाही.

"मी काय बघणार वर? माझं काम लाकडाशी. तुमच्या विजेच्या भानगडीत मी पडत नाही, आपल्याला शॉक बसतो," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. कुणी साथ दिली नाही.

बाईंनी पिशवीतून एक काळी पडलेली बिजागरी काढली. "ही वरची. डब्याच्या भोकापासून एका वितीवर होती. चार स्क्रू, चारही नाकासमोर सरळ. मी भिंतीवरच्या स्क्रूंच्या भोकांनाही पट्टी लावून आले. अंधाऱ्या कपाटात वर न बघता एवढं सरळ काम करता येतं?"

रंधा थांबला.

"तुम्ही वर बघितलंत. विजेरी लावून बघितलंत," बाई म्हणाल्या. "काय दिसलं?"

सुतारानं भुशात बोटानं रेघा ओढल्या. मग दोनदाकडे न बघता बोलला. "मला काय ठाऊक ते तुझं असेल म्हणून? भोकातून तपकिरी चिखल बाहेर आला होता. प्रत्येक वायरीवर नळीसारखा वर चढलेला. उभ्या जन्मात मी दुसरं काय बघितलंय? लाकडात तसं दिसलं की ती वाळवी. मी काकांना म्हटलं, काका, वाळवीनं बिऱ्हाड केलंय की तुमच्याकडे! पुस्तकं सांभाळा!"

"गमतीनं म्हटलंत?"

"अर्धं गमतीनं," सुतार म्हणाला. "अर्धं खरंच वाटलं. भोक मोकळं सापडल्याचं काल कळलं तेव्हापासून घास उतरत नाहीये माझ्या घशाखाली. म्हणून मूग गिळून बसलो."

"नळीसारखा वर चढलेला," बाईंनी शब्द पुन्हा उच्चारले आणि दोनदाकडे वळल्या. "मिस्त्री, सीलंट भोकात भरतात. ते वायरींवर वर कसं चढलं?"

दोनदाचे कान तापले. "मीच चढवतो. प्रत्येक वायरीभोवती बोटानं, बोटभर उंच. एक थर जरा सुकला की त्यावर दुसरा. तसं करायची गरज नसते. पण मला बरं वाटतं."

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. ती ऐकत राहिली.

"बाबांचा मास्क काढलाय," ती म्हणाली. "बोलताहेत. मला नाही बोलावलं. म्हणाले, वायरमनला बोलवा."

५

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाईंनी सुनेला बाकावर बसवलं आणि हलक्या आवाजात एकेक गोष्ट पुढे ठेवली. हिशेब सोडवून दाखवावा तसं त्या बोलत होत्या.

"तुमच्या सासऱ्यांना मोतीबिंदू आहे ना? ऑपरेशन पुढच्या महिन्यात. म्हणजे त्यांना रंग दिसतो, आकार दिसतो, पण जवळचं नीट दिसत नाही. त्या कपाटात त्यांची पुस्तकं होती, ती वाचवायलाच ते धुरात शिरले. वाळवीनं पूर्वी कधी त्यांचं नुकसान केलंय का?"

सुनेनं मान हलवली. "माझ्या लग्नाच्या आधी. त्यांनी स्वतः बाइंडिंग केलेल्या पुस्तकांची अख्खी मांडणी खाल्ली होती. वरून पुस्तकं जशीच्या तशी, उघडली तर आत माती. अजून सांगताना आवाज बदलतो त्यांचा."

"सुतार म्हणाला वाळवी. त्यांनी हात लावून पाहिलं असेल, तर नळ्याच लागल्या हाताला. घरातल्या कुणाला सांगितलं नाही, कारण तुम्ही पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं असतं आणि त्यांनी सगळी पुस्तकं बाहेर काढली असती. शिवणवालीकडून लांब चोचीची कुपी आणली, तिच्यात वाळवीचं औषध भरलं. ते तेलकट असतं. भोकाजवळचं लाकूड सगळ्यात खोल जळलंय ते त्यामुळेच. आणि बाइंडरकडे खरवडायला पातळ सुरी नसेल तर कोणाकडे असेल? पुस्तकाच्या कण्यावरचा जुना सरस ज्या हातानं काढतात, त्याच हातानं त्यांनी सीलंट काढलं. वायरींच्या तांब्यावर कुठेही सुरी लागल्याची खूण नाही. त्यानंतर काही दिवसांनी स्विच जळला, आणि ज्वाला त्या भोकातून थेट तेल प्यालेल्या लाकडात गेली."

सुनेनं तोंडावर हात धरला. "मी दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर मिस्त्रींना दोष दिला," ती म्हणाली. मग दोनदाकडे वळली. "बाबांना सांगू नका. पाया पडते तुमच्या. लिहायचं ते अहवालात लिहा, पण त्यांना सांगू नका. ते खचून जातील."

 तो आत गेला.

बाइंडर उशीला टेकून बसले होते. ओठ सुकले होते, आवाज चिरका होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. पोरानं पहिला नंबर आणून घरी सांगावा तसं.

"या, या. तुम्हाला सांगायचंच राहिलं," ते म्हणाले. "तुमच्या नव्या डब्यात वाळवी शिरत होती. मी वेळीच काढली, सगळी. तीन दुपारी लागल्या. तुम्ही एवढं छान काम करून गेलात आणि ही बया..." त्यांना खोकला आला. "आता नवा डबा बसवाल तेव्हा लक्ष ठेवा. मीही ठेवीन. दिसली की काढीन."

दारात सून उभी होती. तिनं डोळ्यांनीच विनवलं. दोनदाच्या डोक्यात दोन्हीकडून ओढाताण चालली होती. हा माणूस आत्ता कुठे श्वास घ्यायला लागलाय. आणि आत्ता सांगितलं नाही, तर घरी गेल्यावर तो नव्या डब्यावरचंही खरवडणार. आनंदानं, तीन दुपारी बसून.

तो खाटेच्या कडेला टेकला.

"काका, ती वाळवी नव्हती."

"अहो, मी वाळवी ओळखतो."

"दिसायला तशीच होती. मीच तशी केली होती. डब्यातली आग बाहेर येऊ नये म्हणून भोकात भरतात ते सीलंट होतं. सूनबाई म्हणाल्या तपकिरी लावा, मी लावलं. वायरींवर नळ्या मी चढवल्या. जिन्याखाली, लाकडात, पुस्तकांशेजारी तपकिरी नळ्या! आणि तुम्हाला जवळ बोलावून एका शब्दानं सांगितलं नाही, की काका, हे असं दिसलं तरी हात लावू नका. त्या दिवशी माझी लेक दवाखान्यात होती, मी पळालो."

म्हाताऱ्याचा हात चादरीवर थांबला.  मग त्यांनी विचारलं, "वरची शिवणवाली?"

"सुखरूप आहे."

"मी तिलाच जाळलं असतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. "पोरी, इकडे ये. रडू नकोस. नव्या कपाटात माझं एकही पुस्तक ठेवायचं नाही."

सून येऊन त्यांच्या पायाशी बसली. दोनदा उठला. व्हरांड्यात बाई वही मिटत होत्या.

"तुमच्यावरचा ठपका गेला, मिस्त्री. सीलंट नियमाप्रमाणे होतं. लायसन्सला धक्का नाही. आता घरी जा आणि झोपा."

दोनदा हलला नाही. "बाई, तेच तपकिरी सीलंट मी इतर घरांतही वापरलंय. लाकडी कपाटात बरं दिसतं म्हणून. त्यानंतर आणखी दोन नळ्या आणल्या. तपकिरीच."

"किती घरं?"

तो बोटांवर मोजू लागला. बोटं संपली तरी मोजत राहिला.

"अकरा," तो म्हणाला.

६

तो झोपला नाही. रविवारी सकाळी सातलाच त्यानं पहिल्या घराची बेल वाजवली. पिशवीत पांढऱ्या सीलंटच्या नव्या नळ्या होत्या आणि 'याला हात लावू नका' असं जाड अक्षरांत लिहिलेल्या अकरा पाट्या. वाटेत तो मनाची समजूत घालत होता. एका घरात झालं म्हणजे सगळीकडे होतं असं नाही. सगळीकडे सुतार जात नाही. सगळीकडे पुस्तकं नसतात. आज फक्त पाट्या लावायच्या, चार शब्द सांगायचे आणि दुपारी नातीला घेऊन बसायचं.

दार उघडलं ती घरची वहिनी. स्वयंपाकघराला लागून असलेल्या लाकडी कपाटात तिचा मेन बोर्ड होता. त्याच कपाटात धान्याचे डबे, आणि शेजारच्या खोलीत तिची जुळी पोरं अजून झोपलेली.

"अय्या, तुम्ही! रविवारचं काय काढलंत? काही बिघडलं का?"

"काही नाही, वहिनी. बोर्डाच्या वरचं एकदा बघायचंय. पाच मिनिटं."

तिनं स्टूल आणून दिलं. तो चढला, विजेरी लावली.

"वर ना?" खालून ती मोकळेपणानं म्हणाली. "ते तपकिरी काहीतरी लागलं होतं, तेच बघताय का? शी! मला वाटलं मुंग्यांनी माती आणलीय. धान्याचं कपाट आहे हो, कसं चालेल? चमच्याच्या मागच्या टोकानं सगळं काढलं मी. काय घट्ट बसलं होतं! हात दुखले."

विजेरीच्या उजेडात भोक स्वच्छ दिसत होतं. आत सात वायरी, त्यांच्या कडेनं काळोखी फट, आणि वर लाकडाचा कोरडा तळ.

 त्यानं एका हातानं कपाट धरलं, आणि पलीकडच्या खोलीत पोरांपैकी एक जण झोपेत काहीतरी पुटपुटला तो आवाज त्याला ऐकू आला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी आधी मेन बंद करतो. पोरांना उठवा आणि जरा बाहेर बसवा."

"अगं बाई! एवढं काय झालं?"

"काही झालं नाही अजून." तो स्टुलावरून उतरला आणि त्यानं मेनचा खटका खाली ओढला. पंखे थांबले. मग त्यानं पिशवी उघडली, पांढरी नळी काढली, विजेरी तिच्या हातात दिली. "ही वर धरा. आणि मी काय भरतोय ते नीट बघा. मी पहिल्यापासून सांगतो."